चौकटीच्या खालून

जून आला की इथे डब्लिनला एक गोष्ट हमखास होते. मे महिनाभर अंगावर स्वेटर चढवायला लावणारं आभाळ एकदम निवळतं, लख्ख ऊन पडतं, आणि शेजारीपाजारी एकमेकांना सांगतात, "बरोबरच आहे, लिव्हिंग सर्ट सुरू झाली ना!" आपल्याकडची बारावी ती इथली लिव्हिंग सर्ट. पोरं वर्गात बसून घाम पुसत पेपर लिहितात आणि उरलेला देश आईस्क्रीम खात फिरतो. यंदा माझी सई त्या परीक्षेला बसली आहे. सकाळी तिला शाळेच्या फाटकाशी सोडून मी सिटीवेस्टच्या आमच्या फ्लॅटवर परत येते, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते, आणि हे परीक्षेचं ऊन खिडकीतून येऊन माझ्या खुर्चीच्या मागे जमिनीवर पडतं. टेबल आणि सोफा यांच्या मधली ती अरुंद पट्टी. स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायला तेवढी एकच वाट आहे.

त्या पट्टीकडे मला अजून सरळ बघवत नाही. साथीच्या काळात माझी आई आमच्याकडे अडकली होती, आणि तो सगळा काळ ती या वाटेवरून वाकून चालली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात आपण दिसू नये म्हणून.

आई आली ती २०२० च्या फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. बार्शीहून. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, माझ्यासाठी एक इरकल आणि सईसाठी चांदीचे पैंजण, जे सईनं पायात न घालता टेबलावरच्या दिव्याला बांधून ठेवले. माझ्या आईवडिलांची बार्शीत पिठाची गिरणी होती. वडील दळायचे आणि आई डबे उतरवून घ्यायची, वजन करायची, गिऱ्हाइकाशी बोलायची. चक्की धडधडत असताना 'जाड की बारीक' हे विचारायचं तर गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असंच विचारावं लागतं. वडील गेल्यावर गिरणी विकून टाकली तरी आईचा आवाज त्या चक्कीच्या वरच राहिला. खाली यायचं त्याला कधी कारणच पडलं नाही.

ते कारण इथे पडलं. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात आम्ही लुआसनं, म्हणजे इथल्या ट्रॅमनं, गावात निघालो होतो. पुण्याहून माझ्या भावाचा, विलासचा, फोन आला आणि आईनं डब्यातल्या सगळ्यांना कळेल अशा आवाजात त्याला डब्लिनचं हवामान सांगायला सुरुवात केली. लोकांनी माना वळवल्या नाहीत. इथे वळवत नाहीत, पण कान वळल्याचं कळतं. मी दातओठ खाऊन म्हटलं, "आई, हळू!" तिनं दचकून इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "का गं? कुणी झोपलंय का?"

त्यावर मी हसायला हवं होतं. आज कुणाला सांगताना हसते. तेव्हा मात्र कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग मार्च आला आणि दारं बंद झाली. घरापासून दोन किलोमीटरच्या आत राहा, असं सांगितलं गेलं. माझं चेरीवूडचं ऑफिस उचलून या टेबलावर येऊन बसलं. माझा नवरा अभय भूल देणारा डॉक्टर, त्याला रोज हॉस्पिटलात जाणं भाग. तो घरी आला की सरळ एका खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. दुसऱ्या खोलीत आई आणि सई. उरलेल्या जागेत मी, माझा लॅपटॉप आणि लॅपटॉपमधले ते चेहरे. आईचं परतीचं विमान रद्द झालं. पुन्हा विमानं सुरू झाली तेव्हा तिकडे साथ भडकली होती, तिकडची उतरली तेव्हा इकडची चढली होती. व्हिसाची मुदत सरकार आपणहून वाढवत गेलं. आईची मुदत वाढवायला मात्र कुणी नव्हतं. लेकीच्या सासरी, जावयाच्या घरात, इतकं राहायचं नसतं हे तिच्या मनात पक्कं होतं. अभय आला की ती सोफ्यावरून उठून खालच्या पाटावर बसायची. पाट म्हणजे बूट घालताना मी बसते ते बुटकं स्टूल. दुसरी पोळी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरायची. आणि तिची बॅग कपाटात कधी गेलीच नाही. ती पलंगाशेजारी भरलेली उभी असायची. लागेल तसा एकेक कपडा ती त्यातून काढायची आणि धुऊन वाळला की परत त्यातच ठेवायची.

एप्रिलमधली एक सकाळ. एका बड्या गिऱ्हाइकासमोर आमच्या टीमचं सादरीकरण चाललं होतं आणि बोलत मी होते. आई नुकतीच न्हाऊन आलेली, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात तांब्या. बाल्कनीतल्या पुदिन्याला पाणी घालायला निघालेली. इथे तुळस धरत नाही म्हणून तिनं तो मान पुदिन्याला देऊन टाकला होता. माझ्या पाठीमागे नेमकी मधोमध ती थांबली आणि गिरणीच्या आवाजात म्हणाली, "मंजे, आगं दूध उतू चाललंय की! काय करायलीस तितं कवाधरनं!"

पडद्यावरचे चेहरे हसले. वाईट नाही हसले, खरं सांगायचं तर छान हसले. माझी मॅनेजर नीव म्हणाली, "ही तुझी मॅमी का? बोलाव ना तिला, हॅलो म्हणू दे!" आणि मी म्हटलं, "सॉरी. सॉरी अबाउट दॅट." आणि कॅमेरा बंद केला.

आईला इंग्रजी येत नाही. पण 'सॉरी' तिला येत होतं. आल्यापासून सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला शब्द तोच. दुकानात, फुटपाथवर, लिफ्टमध्ये. "धक्का त्येंचा त्येंनाच लागतो आन् सॉरी आपल्याला म्हणत्यात," असं तिनं कौतुकानं विलासला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे कशासाठी म्हणतात हे तिला ठाऊक होतं. त्या सकाळी तिनं गॅस बंद केला आणि ओटा पुसला.

दुसऱ्या दिवशी ती वाकली.

ते वाकणं मी नंतर इतक्या वेळा पाहिलं, की डोळे मिटले तरी दिसतं. स्वयंपाकघराच्या दाराशी ती थांबायची. माझे ओठ हलताहेत का, एवढं बघायची. मग डावा हात गुडघ्यावर, उजव्या हातात चहाचा कप, निऱ्या दोन बोटांत धरलेल्या. कंबरेत मोडून ती खाली जायची आणि मान तेवढी वर धरून, चहा हिंदकळू न देता, माझ्या खुर्चीमागून सरकत यायची. टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं कप ठेवायची आणि बोटानं माझ्याकडे ढकलायची. आणि तशीच परत. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात म्हणून सकाळी तेल चोळणारी.

मी तिला असं कर म्हटलं नव्हतं. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळ दिवस ऐकवत होते. करू नको असंही म्हटलं नाही, हे त्याच्या पुढचं वाक्य, ते मी ऐकवत नव्हते. चहा मात्र रोज प्यायले. आलं घातलेला, मला हवा तसा.

त्या वर्षअखेरीच्या पावसाळी हिवाळ्यात सईचं नाटक सुरू झालं. तिचं ते ट्रान्झिशन इयर होतं, म्हणजे दहावीनंतर परीक्षेचं ओझं नसलेलं मोकळं वर्ष. आमच्या भागात आलेल्या आशियाई घरांमधल्या मुलांना घेऊन एक नाटक बसवायचं ऑर्ला नावाच्या एका बाईंनी ठरवलं होतं. मुलंच लिहिणार, मुलंच करणार. त्यात एक मुलगा होता, त्याचे आजीआजोबा व्हिएतनामहून बोटीतून निघालेले. रिमा नावाची मुलगी होती, सीरियाहून आईवडिलांबरोबर आलेली, आधी कितीतरी दिवस एका हॉटेलच्या खोलीत राहिलेली. फिलिपिन्सच्या नर्सची दोन जुळी मुलं होती. आणि आमची सई, जिच्या आईवडिलांना कुणी हाकललं नव्हतं, जे चांगल्या पगारासाठी आपल्या पायांनी आले होते. मला वाटायचं, या पोरांत सईनं सांगण्यासारखं आहे काय? मी तिला तसं म्हटलंही. "आपल्याला काही तसं सोसावं लागलेलं नाही, उगाच कशाला?" सईचं इंग्रजी पक्कं इथलं, आणि मराठी, आजीबरोबर एका खोलीत राहून राहून, पक्की बार्शीची झालेली. ती म्हणाली, "ऑर्लानं सोसलेलं न्हाई इच्यारलं, मम."

ऑर्लानं गोष्ट मागितली नव्हती हे खरंच. तिनं मुलांना सांगितलं होतं, घरातलं एखादं माणूस रोज करतं अशी एक हालचाल घेऊन या. फक्त हालचाल, शब्द नकोत. व्हिएतनामी मुलानं आपल्या बाबांचं मनगट आणलं. त्यांचं चिप्सचं दुकान, आणि झोपेतसुद्धा त्यांचं मनगट तळणीची जाळी झटकत असतं. रिमानं आपल्या आईचा उंच केलेला हात आणला, खिडकीशी फोन धरून रेंज शोधणारा, कारण पलीकडे लेबनॉनमधल्या छावणीत तिची आजी आहे.

आणि माझ्या लेकीनं माझ्या आईचं वाकणं नेलं.

मला हे कळलं पुढच्या वसंतात, जेव्हा घराबाहेर भेटायला परवानगी मिळाली. ऑर्लानं पालकांना मैदानावरच्या तालमीला बोलावलं. तिचा नियम होता, घरच्यांनी बघायचं, आणि जे नको वाटेल ते काढून टाकायला सांगायचं. का म्हणून, हे ती कुणालाच विचारणार नव्हती. आम्ही अंतर राखून गवतावर उभे होतो. रिमा एका खोक्यासमोर बसली, खोका म्हणजे लॅपटॉप. ती काहीतरी मोठ्यामोठ्यानं समजावून सांगत होती, हात माझ्यासारखे हलवत, मान माझ्यासारखी. आणि तिच्यामागून सई वाकून निघाली, हातात रिकामा कप.

बाकीचे पालक हसले. मीही हसल्यासारखं केलं. मला वाटलं होतं, या मुलीच्या डोळ्यांना फोनपलीकडे काही दिसत नाही. तिनं सगळं पाहिलं होतं. निऱ्या धरलेली दोन बोटंसुद्धा.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "हे काढून टाकायचं. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडतात का? आपल्या ओळखीची माणसं येणार. आणि आजीला काय वाटेल? तिची किती शोभा होईल!"

"मम, इट्स नॉट अबाउट यू," सई म्हणाली. आणि मग, "आस्क आज्जी."

मी आजीला विचारलं नाही. मला खात्री होती तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. खरं म्हणजे कुणाला काय होईल याचा हिशेब मी चुकवत होते. विचारलं सईनंच, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी हेडफोन लावून एका लांबलचक मीटिंगमध्ये बसले असताना. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटत होतं. मी कानावरची एक बाजू हळूच सरकवली.

सईनं सांगितलं, करून दाखवलं. आई मेथी निवडत होती, तो आवाज थांबला. मला वाटलं, संपलं. आता ही उठून खोलीत जाईल आणि त्या बॅगेची चेन लावेल.

मग आई म्हणाली, "म्या आशी वाकत न्हाई."

"मग कशी?"

"तू पाटीतून वाकायलीस. पाटीतून वाकलं की कप सांडतो. कंबरंतून वाक. हां. आन् मान वर. खाली बगितलंस तर टेबलाला थडकशील, म्या दोनदा थडकलेय." आणि थोड्या वेळानं, "पाय घासत ने. उचलू नगं, वाजतो."

त्या दिवसापासून दुपारी या पट्टीवर तालीम चालली. नात पुढे, आजी मागे, दोघी वाकलेल्या. माझ्या पडद्यावर गिऱ्हाईक बोलत असायचं आणि माझ्या खुर्चीमागे माझी आई माझ्या मुलीला शिकवत असायची, माझ्या नजरेआड कसं राहायचं ते. दोघी खिदळायच्या, तोंडावर पदर दाबून. मला मागे वळून बघता येत नव्हतं. पडद्यातल्या माझ्या चेहऱ्याकडे बघत मी मान डोलवत राहायचे.

लाज घरात सर्दीसारखी फिरते. मला लोकांची वाटली, ती आईला लागली. आईला जावयाची वाटत होतीच. अभयला आपण घरी आलो की सासूबाई पाटावर बसतात याची वाटायची, म्हणून तो उशिरा बाहेर यायचा. एकटी सई कोरडी होती. ती बार्शीच्या मराठीत डब्लिनच्या रस्त्यावर आजीला हाका मारायची. तिला मी कितीदा म्हटलं असेल, 'जरा लाज बाळग!' आता वाटतं, बरं झालं तिनं ती बाळगली नाही.

एकदा पोळ्या करताना मी आईला विचारायला गेले. विचारायचं होतं, 'तुला राग नाही का आला?' विचारलं ते असं, "तुला चालणार आहे का गं, त्या नाटकातलं?" ती पोळी उलटत म्हणाली, "म्या गिरणीत उभ्या जल्मात कुणाम्होरं वाकले न्हाई. हितं वाकले ते तुज्या पोटापाण्यासाठी. त्यात लाजायचं काय?" तिनं ते मला सुटं करण्यासाठी म्हटलं की खरंच तसं होतं, मला कळलं नाही. मी तेवढ्यावरच समाधान मानून घेतलं. सोयीचं उत्तर मिळालं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

प्रयोग झाला जुलैत, समाजमंदिरासारख्या एका हॉलच्या गाडीतळावर. जमिनीवर खडूनं वर्तुळं काढलेली, एकेका वर्तुळात एकेका घराच्या खुर्च्या. हवा इथल्या जुलैसारखीच, म्हणजे ऊन आणि भुरभुर एकाच वेळी. आमच्या ओळखीची दोन-तीन मराठी कुटुंबं आली होती. त्यात केतकी होती, माझ्यासारखीच पुण्यात शिकून इथे आलेली, माझ्यासारखीच टेबलावर ऑफिस मांडून बसलेली. आईनं सकाळीच आपली हिरवी इरकल सईला नेसवून दिली होती. अंबाडा घालून दिला, कुंकू लावलं आणि लांब होऊन पाहिलं. "आता माज्याकडं बगू नगंस हां तितं," एवढं बजावलं.

मनगटाचा प्रवेश झाला. फोन धरलेल्या हाताचा झाला. मग रिमा खोक्यासमोर येऊन बसली आणि सई निघाली. कंबरेतून वाकलेली, मान वर, पाय घासत.

पहिल्यांदा सगळे हसले. आई सगळ्यात मोठ्यानं हसली, गिरणीच्या आवाजात. दुसऱ्यांदा सई दुसऱ्या बाजूनं आली, तेव्हाही हसले, पण कमी. तिसऱ्यांदा तिच्या हातात कप होता, पाठीवर एक बॅग होती आणि ती सावकाश येत होती. आता कुणी हसेना. नुसता बुटाचा रबर डांबरावर घासल्याचा आवाज. मी माझ्या वर्तुळात बसले होते आणि मला कुठे जाऊ असं झालं होतं. एवढ्या उघड्या जागेत लपायला काही नसतं.

आणि मग रिमानं खोक्याचं झाकण मिटलं. ती उठली. मागे वळून सईसमोर गेली, तिच्या हातातला कप काढून घेतला आणि लोकांकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "ही माझी आई आहे." मग सईकडे वळून, कुणीतरी पाठ करून दिलेल्या मराठीत, जड अरबी जिभेनं, "आई, उभी राहा."

सई सावकाश सरळ झाली. टाळ्या पडल्या. नीट, मनापासून पडल्या. ऑर्ला डोळे पुसत होती.

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. मैदानावरच्या तालमीत हे नव्हतं. मी जे पाहिलं त्यात शेवटपर्यंत नुसतं वाकणंच होतं.

नंतर पेपरच्या कपातला चहा घेऊन सगळे उभे असताना केतकी माझ्याकडे आली. मास्कवर तिचे डोळे ओले होते. "मंजिरी, किती छान केलंस गं तू! माझ्याकडून नाही झालं. माझ्या सासूबाई होत्या ना तेव्हा, मी त्यांना मीटिंग असली की आतच बसायला सांगायचे." आणि मग आईकडे वळून, "काकू, खरंच उठली ही? सगळ्यांसमोर?"

मी तोंड उघडलं. 'नाही' म्हणायला किती लागतं? माझ्या आयुष्यात तो शब्द एवढा लांबचा कधी नव्हता.

"व्हय तर," आई म्हणाली. एकदम, न अडखळता. "मोठा सायेब बोलत होता तिकडनं. ही उटली आन् म्हणाली, माजी आई हाय. माज्या हातातला कप काडून घेतला बग." तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. आईला मी खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गिरणीत पीठ पावशेरानं कमी भरलं तर ती गिऱ्हाइकाला घरी जाऊन सांगायची. त्या संध्याकाळी ती माझ्यासाठी ठणठणीत आवाजात खोटं बोलली, आणि मी चहाच्या कपाकडे बघत उभी राहिले. केतकीला वाटलं, मी संकोचले. तसंच दिसत असणार.

रिमा लांब उभी होती, तिची आई तिचा फोटो काढत होती. लगेच पाठवायचा होता कुणाला तरी. माझ्या आईनं रिमाला बोलावलं. जवळ जायला बंदी होती, म्हणून आईनं लांबूनच दोन्ही हात हवेत तिच्या चेहऱ्याभोवती फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. रिमाला ते काय होतं कळलं नसणार. पण ती उजवा हात छातीवर ठेवून वाकली. आई म्हणाली, "नगं, तू नगं वाकूस."

घरी येताना गाडीत मी सईला विचारलं, "ते शेवटचं कोणी लिहिलं?" मला वाटत होतं ती म्हणेल, मी. माझी अब्रू राखायला मी लिहिलं, असं म्हणेल. म्हणजे निदान मुलीच्या मनात आपल्याबद्दल माया आहे असं तरी धरता आलं असतं.

"कुणी न्हाई," सई म्हणाली, आणि मग इंग्रजीवर गेली. ते कुणी लिहिलेलं नव्हतं. रिमानं शेवटपर्यंत बसून राहायचं होतं, पण पालकांच्या त्या तालमीनंतर दर वेळी ती उठायची. ऑर्ला म्हणायची, बस. ती बसायची, आणि सई मागून जायला लागली की परत उठायची. शेवटी रिमा म्हणाली, मला नाही जमत. माझी आजी खोलीत असती तर मी तिला अशी जाऊ दिली नसती. मग ऑर्लानं ते तसंच ठेवलं आणि रिमानं सईकडून मराठी वाक्य शिकून घेतलं.

मागच्या सीटवर आई होती. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून सई बिनधास्त बोलत होती. आरशात मला आई दिसली. ती बाहेर बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी ठरवलं, सोमवारी. सोमवारी ती आली की मी उठेन. ठरवलेलं वाक्य तर आता तयारच मिळालं होतं. सोमवारी आई दाराशी थांबली, ओठ पाहिले, वाकली. मी तोंड उघडलं, पण तिकडे कुणीतरी माझंच नाव घेऊन प्रश्न विचारला. मंगळवारी उन्हाची तिरीप पडद्यावर होती आणि मी त्याच्याशी झगडत होते. पुढे पुढे मी कारणं मोजणं सोडून दिलं. खरी गोष्ट अशी की आता उठणं आणखी अवघड झालं होतं. उठले असते तर याआधी उठले नव्हते हे आम्हा दोघींपुढे कबूल झालं असतं, आणि आईनं माझ्यासाठी सांगितलेलं खोटंही मोडलं असतं. सप्टेंबरात विमान मिळालं. बॅग भरायला काही वेळ लागला नाही. ती भरलेलीच होती.

त्या नाटकाचं कौतुक आजही निघतं. मराठी मंडळींच्या गणपतीत केतकी एखाद्या नव्या मुलीला माझी ओळख करून देते, "हीच ती, जी मीटिंग सोडून उठली." मी म्हणते, "अगं, ते नाटक होतं." त्यांना तो माझा नम्रपणा वाटतो. एका परक्या मुलीचं आजीवाचूनचं दुःख माझ्या नावावर जमा झालंय आणि ते परत कसं करायचं मला समजत नाही.

काल रविवारी सईच्या परीक्षेची चौकशी करायला विलासनं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. आई आता त्याच्याकडे असते. तो त्याच्या टेबलाशी बसला होता, लॅपटॉप समोर. गणिताचा पेपर कसा गेला ते मी सांगत होते, इतक्यात पडद्याच्या अगदी खालच्या कडेला, विलासच्या कोपराजवळ, पांढऱ्या केसांचा एक अंबाडा डावीकडून उजवीकडे सरकत गेला. सावकाश, न डुलता. कपातलं काही सांडू नये तसा.

विलासचं लक्षही नव्हतं. "आई ना? आत असेल कुठेतरी," तो म्हणाला.

मी खुर्चीतून उठले. त्या उन्हाच्या पट्टीवर उभी राहिले आणि गिरणीच्या आवाजात, आमच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशी ओरडले, "आई, उभी राहा! अगं मी आहे, मंजी! उभी राहा!"

अंबाडा थांबला. वर आला नाही. टेबलाच्या खालून, हळू, अगदी हळू, तिचा आवाज आला.

"आगं, तुजं काम चालू आसंल म्हणलं."